पहिल्या वर्षाच्या पोरांची निवड चाळीस मिनिटांत?

साखळीकर
परवा पुतण्याबरोबर त्याच्या कॉलेजच्या फुटबॉल ट्रायलला गेलो होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका कॉलेजपुरता नाही. पोरगा सत्तरी तालुक्यातला, यंदाच बारावी होऊन एफवायला आला. पहाटे उठून वाळपईहून पहिली कदंब बस पकडली. पाऊस असा की पलीकडचा गोलपोस्ट दिसत नव्हता. बूट मित्राचे, एक नंबर मोठे, म्हणून दोन मोजे एकावर एक चढवलेले. छातीवर टाचण्यांनी लावलेला कागद, नंबर ३७. दहा मिनिटांत शाई वाहून गेली आणि शर्टावर निळा ओघळ तेवढा राहिला.

सरांनी रांगेत उभं करून पहिलाच प्रश्न विचारला, "कुठल्या क्लबला खेळतोस?" क्लबचं नाव सांगणारे उजवीकडे, बाकीचे डावीकडे. उजवीकडे चौदा जण, डावीकडे चाळीसच्या आसपास. उजवीकडच्यांना सीनियर पोरांबरोबर पूर्ण मैदानावर खेळवलं. डावीकडच्यांचे दोन तुकडे करून अर्ध्या मैदानात वीस-वीस मिनिटं सोडलं. पुतण्याच्या पायाला बॉल चार वेळा लागला, मी मोजलं. एकदा बॉल डबक्यात अडकून थांबला, सगळे वर धावले. यानं बुटाच्या टोकानं तो पाण्यातून अलगद उचलला आणि समोरच्याच्या डोक्यावरून विंगला टाकला. त्या वेळी सर यादी लिहीत होते. दुपारी बोर्डावर जी नावं लागली त्यांत डावीकडचा एकही नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे. एका दिवसात, तेही भर पावसात, निवड करू नका. नव्या मुलांना तीन आठवडे सरावाला येऊ द्या आणि टिकतील त्यांतून घ्या. आणि वीस जणांच्या संघात चार जागा तरी ज्यांच्या नावावर कधी क्लबचं रजिस्ट्रेशन झालं नाही अशांसाठी ठेवा. सासष्टीतल्या पोराला दहाव्या वर्षी क्लब मिळतो. आमच्याकडे कापणी झाली की मळ्यात बांबूचे पोस्ट उभे राहतात आणि पाऊस पडेपर्यंत तिथंच खेळ चालतो. त्या पोराला "कुठला क्लब" विचारलं की तो गप्पच राहणार.

फोंड्याचा कोच
साखळीकरबाब, मी गेली सहा वर्षं एका कॉलेजची टीम बघतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. राग मानू नका.

तीन आठवडे सगळ्यांना बोलवा म्हणता. माझ्याकडे मैदान एक, तेही ॲथलेटिक्स आणि खोखोबरोबर वाटून घेतलेलं. धड हवा धरणारे बॉल बारा. कोच एकटा मी. पन्नास पोरं आली तर दीड तासात एकेकाकडे मी किती मिनिटं बघणार? जूनच्या शेवटी वर्ग सुरू, मग इंटरनल परीक्षा, मग गणेश चवथीची सुट्टी. चवथीत आठ-दहा दिवस कुणी घराबाहेर पडत नाही. हातात उरतात मोजून वीस-पंचवीस सराव. गेल्या वर्षी आमचा आंतरमहाविद्यालयीन मोसम दोन सामन्यांत संपला.

क्लबचा पोरगा मला आवडतो म्हणून मी घेत नाही. चार बॅक एका ओळीत पुढे सरकताना एक जण दोन पावलं मागे राहिला की समोरचा फॉरवर्ड ऑनसाइड आणि गोल. हे तोंडानं सांगायला पाच मिनिटं लागतात, अंगात मुरायला दोन वर्षं. क्लबमध्ये बारा-तेराव्या वर्षापासून खेळलेल्याच्या अंगात ते असतं. समोरच्या कॉलेजात गोवा प्रोफेशनल लीगला खेळणारी पोरं असतात. त्यांच्यासमोर कालपर्यंत मळ्यात खेळणाऱ्याला उभं केलं आणि त्याचा घोटा गेला, तर त्याच्या घरी उत्तर द्यायला मलाच जावं लागतं.

पेडण्याची ताई
मुलींच्या संघाबद्दल कुणी बोलणार नाही हे माहीत होतं, म्हणून मीच लिहिते.

माझी लेक कॉलेजात गेली तेव्हा तिच्या सरांना अकरा मुलींचीसुद्धा भरती होत नव्हती. त्यांनी हँडबॉलच्या दोन, धावण्याच्या तीन आणि कबड्डीतून माझी लेक अशा मुली गोळा केल्या. तिनं तोवर फुटबॉलला पाय लावला नव्हता. पहिला महिनाभर सर भिंतीसमोर उभं करायचे. पायाच्या आतल्या बाजूनं मारायचं, परत आलेला थांबवायचा, परत मारायचं. संध्याकाळी घरी आली की आमच्या कुंपणाच्या जांभ्याच्या भिंतीवर तेच. शेजारीण विचारायची, आज किती फण्या तोडल्या? कारण भिंतीलगतच आमची केळ होती.

कबड्डीमुळे तिला गुडघे वाकवून खाली बसायची सवय. समोरची मुलगी कुठे वळणार ते तिला कमरेवरून कळतं. तिसऱ्या महिन्यात ती राइट बॅक झाली. म्हणजे शिकवलं तर येतं. मुलींना शिकवायला वेळ मिळतो, मग मुलांनाच तयार होऊन या असं का?

फोंड्याचा कोच
ताई, तुमच्या लेकीचं मनापासून कौतुक. फरक एवढाच की मुलींच्या स्पर्धेत समोरचा संघही बराचसा नवा असतो. शिकत-शिकत खेळता येतं. मुलांत तशी सवड नाही.

पेडण्याची ताई
सवड नाही की ठेवलेली नाही, हाच तर प्रश्न आहे, सर.

लेफ्टविंग_एसवाय
मी स्वतः त्या उजवीकडच्या रांगेतला. वीस वर्षांखालच्या टाका गोवा स्पर्धेत क्लबकडून खेळतो. वर वाचून वाईट वाटलं, जणू आम्हाला आयतं मिळालं.

क्लबचा सराव सकाळी सहाला. घरून पाचला निघतो, वडिलांची स्कूटर मिळाली तर, नाहीतर चालत हमरस्त्यापर्यंत. साडेसातला सराव संपला की नळाखाली पाय धुऊन तसाच कॉलेज. संध्याकाळी परत कॉलेजचा सराव. मी हे अकराव्या वर्षापासून करतोय. आता कुणी चार जागा बाजूला काढल्या तर त्या चौघांमुळे बाहेर बसणारा पोरगासुद्धा कुणाचा तरी पुतण्याच असेल. आणि राखीव जागेवर आलेल्याला बाकीचे कसे बघतात तेही सांगतो. पास देताना हात आखडतो. हे चांगलं नाही, पण होतं.

एक गोष्ट मात्र खरी. क्लबचा आणि कॉलेजचा सामना एका दिवशी आला की क्लबचा कोच सोडत नाही. गेल्या वर्षी आमचे तिघे असे गेले आणि कॉलेज तेरा जणांवर खेळलं. पाचवा बदली खेळाडू सोडाच, तिसराही नव्हता.

निवृत्त पीटी मास्तर
बाळा, तुझी शेवटची चार वाक्यं सगळ्यांनी परत वाचावीत. क्लबच्या पोरांवर बांधलेला कॉलेजचा संघ हा उसनवारीचा संघ. ज्या दिवशी क्लबनं मागितला त्या दिवशी परत द्यावा लागतो.

मी डिचोली तालुक्यात एकतीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. आपल्याकडे हा खेळ आला तोच शिक्षणातून. १८८३ साली शिवोलीत फादर विल्यम लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी मुलांच्या शिक्षणाचा भाग म्हणून तो आणला. क्लब नंतर आले. खाणीच्या मालकांनी क्लब पोसले. पोरगा अठराचा झाला, बरा खेळतो म्हटलं की क्लब घ्यायचा, कुणाला बँकेत, कुणाला पोलिसांत खेळावर नोकरी लागायची. त्या काळात कॉलेजनं नवा पोरगा घेतला नाही तरी त्याला दुसरं दार होतं.

पुढे काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. धेंपो क्लबनं राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून पाच वेळा जिंकली. तोच धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, तिघांनी २०१६ साली आय-लीगमधून अंग काढून घेतलं. एफसी गोवा २०१४ पासून आहे आणि उत्तम आहे, पण एका संघात गोव्यातली किती पोरं मावणार? आणि व्यावसायिक अकादमी पोरगा उचलते तो बारा-चौदाव्या वर्षी. सतराव्या वर्षी उंची वाढलेला, उशिरा अंगानं भरलेला, खेड्यातला पोरगा तिथं कुणी बघत नाही. त्याच्यासाठी उरलंय फक्त कॉलेजचं मैदान. तिथंही पहिला प्रश्न "कुठला क्लब" असेल तर त्यानं जायचं कुठे?

लेफ्टविंग_एसवाय
मास्तर, एक दुरुस्ती. धेंपो २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परत आला. सगळी दारं बंद नाहीत.

निवृत्त पीटी मास्तर
बरोबर. लिहायचं राहिलं. परत आले याचा आनंद तुझ्याइतकाच मला.

मडगावचा जुना सेंटर हाफ
भावना बाजूला ठेवा. ट्रायलला येणारे अर्धे हजेरीच्या सवलतीसाठी येतात. खेळाच्या नावावर लेक्चर चुकवता येतात, पंचाहत्तर टक्क्यांची काळजी नको. नाव लागलं की तिसऱ्या आठवड्यात गायब. मी कॉलेजात असताना बावीस जणांच्या यादीतले नऊ जण सामन्यापर्यंत राहिले होते. क्लबचा पोरगा निदान खेळायला येतो.

साखळीकर
पण हे तर माझ्याच बाजूचं झालं! तीन आठवडे आधी सराव ठेवला तर हजेरीवाले आपोआप गळतील. सकाळच्या चिखलात तीन आठवडे कोण येतो? ज्याला खेळायचं आहे तोच. एका दिवसाच्या ट्रायलमध्ये तो आणि हजेरीवाला सारखेच दिसतात.

फोंड्याचा कोच
हा मुद्दा मला पटला. गळतीचं मी तसं बघितलं नव्हतं. चार राखीव जागा मात्र मला अजून मान्य नाहीत. जागा राखली की आई-बापाचे, पंचायतीतल्या पंचांचे फोन सुरू होतात, आणि मग त्या चार जागांवर भलतेच येऊन बसतात.

एक अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे गोलकीपर नव्हता. क्लबचा गोली मिळणं सगळ्यात कठीण, कारण क्लबकडेच दोन असतात. आमच्याच कॉलेजात एक व्हॉलीबॉलचा पोरगा होता, सांग्याचा, लांब हाताचा. त्याला मी पोस्टमध्ये उभा केला. बॉल धरायला त्याला भीती वाटायची, हात उघडेच राहायचे, व्हॉलीबॉलसारखा ढकलून द्यायचा. मग ओल्या बॉलवर रोज शंभर झेल. अंगठे एकमेकांजवळ, बॉल छातीशी, कोपर आत. दोन महिन्यांनी कॉर्नरवर बाहेर येऊन गर्दीतून बॉल उचलायला लागला, तेव्हा मी टचलाइनवर ओरडलो होतो. गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या कप्तानीत गोव्यानं १९८४ ला संतोष ट्रॉफी जिंकली ती एकही गोल न खाता. ते मी त्याला सांगायचो आणि तो डोळे मोठे करून ऐकायचा.

म्हणजे नवा पोरगा मी घडवलाय. पण गरज पडली तेव्हा घडवलाय, हे कबूल करतो.

पेडण्याची ताई
सर, एवढं मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. गरज नसताना एखाद्याला घ्याल का?

फोंड्याचा कोच
यंदा आमची ट्रायल अजून व्हायची आहे. क्लबचा प्रश्न शेवटी विचारेन, सगळ्यांना मिसळून खेळवेन आणि नंबर कापडाचे करून घेईन. यादी चवथीनंतर लावेन. जागा राखणार नाही. पन्नास पोरं घेऊन रोज सराव होणार नाही, तेव्हा नव्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस वेगळे, सीनियरांपैकी दोघांनी माझ्याबरोबर यायचं. यापेक्षा जास्त माझ्याच्यानं होणार नाही.

मडगावचा जुना सेंटर हाफ
सीनियर येतील? मला शंका आहे.

निवृत्त पीटी मास्तर
आम्ही यायचो. चहा आणि उंडा-भाजी मिळायची तेवढ्यावर.

मंदार राव देसाई आठवा. म्हापशाचा पोरगा. विंगर म्हणून खेळायचा, एफसी गोवात त्याला लेफ्ट बॅकला आणला आणि तिथं तो पक्का बसला. नावाजलेल्या खेळाडूची खरी जागासुद्धा कोचला बघून बघूनच सापडते. मग अठरा वर्षांच्या पोराची वीस मिनिटांत कशी सापडेल?

साखळीकर
सर, तुम्ही जे करताय ते पुतण्याच्या कॉलेजनं केलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. राखीव जागांचा हट्ट मी अजून सोडलेला नाही. दोन दिवसांच्या सरावात पोरगा चांगला निघाला आणि तरी शेवटी क्लबवाल्याचंच नाव लागलं, तर त्या दोन दिवसांचा त्याला काय उपयोग? याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

पुतण्याचं विचाराल तर काल तो त्याच्या सरांकडे गेला आणि यादीत नसलो तरी सरावाला येऊ का म्हणून विचारून आला. "बघू" म्हणाले. आज सकाळीही तो पहिल्या बसनं गेला. गोलमागे उभा राहून बॉल आणून देत होता म्हणे.

लेफ्टविंग_एसवाय
काका, राखीव जागांबद्दल माझं मत तेच आहे. पण रविवारी सकाळी आमच्या गावच्या मैदानावर आम्ही सात-आठ जण खेळतो, डिचोली स्टँडपासून दहा मिनिटांवर. त्याला पाठवा. बूट किती नंबरचे लागतात ते कळवा. माझे गेल्या वर्षीचे आठ नंबरचे पडून आहेत, एकच स्टड झिजलाय.