मदत हवी आहे: नवरा-बायकोने मिळून वाचायला एक पुस्तक सुचवा (गुरुवारच्या आत!)

पारिजात_: शुक्रवारी रात्री गुहागरला निघतोय, चार दिवस. तिथे रेंज नाही, पाऊसही धरून बसलाय. या वेळी दोघांनी एकच पुस्तक वाचायचं ठरवलंय. आवडी अगदी वेगळ्या. आधी दोनदा करून पाहिलं, दोन्हीदा भांडण. एकच नाव सांगा, यादी नको. दुकानात जायला फक्त गुरुवारची संध्याकाळ आहे.

वाचाळ_वाघ: वेगळ्या म्हणजे कशा? तुम्हाला काय आवडतं, त्यांना काय? मराठीच हवं का?

सातपुडा: कोसला. विषय संपला. १९६३ पासून कुणी कंटाळलेलं नाही.

मक्याचा_चिवडा: मी कंटाळलो. दोनदा.

सातपुडा: चुकीच्या वयात वाचलं असेल.

मक्याचा_चिवडा: एकोणिसाव्या आणि एकोणचाळिसाव्या वर्षी. आता योग्य वय सांगा, मुहूर्त काढून ठेवतो.

लालडबा: पुण्याहून निघणार का? रात्री पावसात कुंभार्ली घाट नको. पहाटे निघा.

पारिजात_: घाट विचारला नव्हता हो. मला कथा-कादंबऱ्या लागतात, माणसं एकमेकांशी कशी वागतात ते. तो फक्त 'खरं' वाचतो: पूल का पडला, विमान का कोसळलं. मी गौरी देशपांडे दिलं तर विसाव्या पानावर "पण यात घडतंय काय?" त्याने मला एका उद्योगपतीचं चरित्र दिलं, तिसऱ्या कारखान्याच्या भूमिपूजनालाच मला झोप लागली. मराठीच हवं.

जुनी_वही: मग युगांत. महाभारतावरची कादंबरी, इरावती कर्व्यांची. दोघांनाही चालेल.

वाचाळ_वाघ: कादंबरी नव्हे, लेख आहेत. गांधारी, कुंती, द्रौपदी, एकेकीवर. १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला. पण सुचवलंत छान. बाई मानववंशशास्त्रज्ञ, त्यामुळे भक्तिभाव बाजूला ठेवून तपासतात. 'खरं'वाल्यांना ते पटतं.

जुनी_वही: लेख तर लेख. मी कादंबरीसारखंच वाचलं.

गावरान_आत्या: अगं, दोघांनी एकच वाचायला हवं असं कुठे लिहिलंय? आमचे हे शब्दकोडं सोडवायचे, मी दिवाळी अंक. चाळीस वर्षं निघाली. आणि पावसात पुस्तक नेतेस तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल. घरी आल्यावर कडुलिंबाचा पाला ठेव कपाटात, कसर लागत नाही.

नीरव: मूळ अडचण वेगळीच दिसते मला. एका प्रतीत दोघं वाचणार कसे? एकाचं पान संपेस्तोवर दुसरा काय करणार?

पारिजात_: मीच वाचून दाखवणार आहे. तो बडोद्याचा, शाळा गुजराती माध्यमात. मराठी घरची, बोलतो झकास, पण वाचायला बसला की एका पानाला पाच मिनिटं लागतात. लिहिलं होतं ना हे?

मक्याचा_चिवडा: नाही! 😀

नीरव: मग सगळंच बदललं. मोठ्यानं वाचायचं तर मनातल्या मनात चाललेलं गद्य नको, तोंडाला फेस येतो. छोटी वाक्यं, संवाद हवेत. बनगरवाडी घ्या. १९५५ची, जेमतेम जाडीची, माडगूळकरांचं वाक्य म्हणजे बोलणंच. धनगरांच्या वाडीत नवा मास्तर येतो. शाळा, तालीम, मग दुष्काळ. चार दिवसांत आरामात संपेल.

स्वरा_म: वाचून कशाला दाखवता, ऑडिओबुक लावा. दोघांचे हात मोकळे.

वाचाळ_वाघ: रेंज नाही म्हणाल्यात त्या.

स्वरा_म: आधी डाउनलोड करता येतं, काका.

सातपुडा: ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे.

स्वरा_म: मग त्यांचे मिस्टर काय करणार आहेत?

खडी_डांबर: मी रस्ते बांधतो, म्हणून पक्षपाती आहे. रारंगढांग घ्या, प्रभाकर पेंढारकरांचं. हिमालयात सैन्याच्या शिस्तीत रस्ता कापणारा मुंबईचा सिव्हिल इंजिनिअर. तुमच्या नवऱ्याला सुरुंग, दरड, कडा. तुम्हाला माणसं: नियम मोठा की मजूर, यावरून साहेबाशी वाजतं आणि गोष्ट कोर्ट मार्शलपर्यंत जाते. पेंढारकर माहितीपट करणारे, त्यामुळे कडा डोळ्यांपुढे उभा राहतो. बनगरवाडी मलाही प्रिय आहे, पण तिथे तुमचा नवरा "घडतंय काय" विचारेल.

नीरव: गाव ओस पडतं, आणि घडत नाही म्हणता?

खडी_डांबर: सावकाश घडतं. पूल पडण्याची सवय असलेल्याला सांगतोय मी.

मक्याचा_चिवडा: सावंतांचं मृत्युंजय राहिलंच की.

नीरव: चार दिवस आहेत हो, चातुर्मास नाही.

पारिजात_: रारंगढांग मिळालं, एकच प्रत होती. बनगरवाडीही उचलली, नीरव यांना वाईट वाटू नये म्हणून. घरी येताच त्याने विचारलं, ढांग म्हणजे काय.

खडी_डांबर: सरळसोट उभा कडा. आणि मागचं पान आधी वाचू देऊ नका त्याला.

पारिजात_: उशीर झाला. रस्ता शेवटी होतो का, कोण मरतं, सगळं शोधतोय. पुस्तक काढून घेतलंय. पहाटेच निघतोय, लालडबा.

सातपुडा: परत आल्यावर कोसला.