मदत हवी आहे: बागेत मधमाश्यांची पेटी आणावी का?

नमस्कार,

आमच्या इमारतीमागे रहिवाशांनी मिळून केलेली भाजीची बाग आहे. लाल भोपळा, दुधी, वांगी, टोमॅटो असं बरंच काही आहे. वेलांना फुलं भरपूर येतात, पण मादी फुलामागचं इवलंसं फळ पिवळं पडून गळतं. खत-पाण्यात काही कमी नाही ना, ते आधी पाहिलं. मग भोपळ्याचं नरफूल सकाळी तोडून त्याचे पराग मादी फुलात हलकेच फिरवले. हे केलेल्या फुलांची फळं धरली, बाकीची गळली. म्हणजे वेल धडधाकट आहे, पराग पोचवायला कोणी येत नाही.

बहुतेकांचं मत असं की मधमाश्यांची पेटी आणावी. बागेचं काम होईल आणि मधमाश्याही वाचतील. हेतू चांगला आहे, पण माझं मन घेत नाही. मधमाशी आणि तिच्या भावकीतल्या माश्यांच्या जगात २०,०००हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकांड्या. ना पोळं, ना राणी, ना मध. एकेक मादी स्वतःचं घर करते, परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते आणि निघून जाते. पेटी आणली तर यातल्या एकाच, तेही पाळीव जातीची सोय होणार. हजारो माश्या एकदम आल्यावर एवढ्याशा बागेत बाकीच्यांच्या वाट्याला काय उरेल?

पेटीने फळगळ थांबेल का? पेटी नको असेल तर रानटी माश्यांसाठी नेमकं काय करावं? मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला की इथे लगेच फवारणी होते, ती थांबवायला लोकांना काय सांगू? लहान मुलं बागेत खेळतात, त्यामुळे डंखाची भीतीही बोलून दाखवली जाते. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
तुमची शंका रास्त आहे. पेटी आणू नका.

तुमचीच पिकं एकेक करून बघा. भोपळ्याला मधमाशी चालते. दुधीचं पांढरं फूल मात्र संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या घरी परतत असतात. तिथे रात्रीचे पतंग लागतात. वांगी-टोमॅटोची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचे पराग पुंकेसराच्या नळीत बंद असतात, टोकाला बारीक छिद्र. भुंगा, म्हणजे रानटी माश्यांतलीच एक मोठी माशी, फुलाला घट्ट धरून पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवतो, तेव्हा पराग झरझर बाहेर पडतात. पाळीव मधमाशीला हे जमत नाही. टोमॅटोचं वाऱ्यानेही बरंच भागतं, पण भुंगा आला तर फळ चांगलं भरतं.

२०१३ साली जगभरच्या ४१ पीकपद्धतींचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला होता. रानटी कीटकांच्या भेटी वाढल्या तिथे सर्वत्र फळधारणा वाढली होती. मधमाश्यांच्या भेटींचा तसा परिणाम थोड्याच ठिकाणी दिसला. शिवाय पाळीव माश्यांचे रोग फुलांवरून रानटी माश्यांकडे जातात. मधमाशीपालन हा चांगला उद्योग आहे, पण त्याने रानटी माश्या वाचत नाहीत.

आता जागेचं. एकांड्या माश्यांपैकी बहुसंख्य जमिनीत बीळ करतात, म्हणून उन्हाचा, पाणी न साचणारा एक तुकडा उघडा सोडा. तिथे फरशी नको, खणणं नको, पालापाचोळ्याचं जाड आच्छादनही नको. नीटनेटक्या बागेत नेमकी हीच जागा नसते. लाकडात घर करणाऱ्या भुंग्यांसाठी एखादा वाळका ओंडका राहू द्या. काड्यांत घर करणाऱ्या माश्यांसाठी पोकळ काड्यांची जुडी टांगायची तर मागची बाजू बंद हवी, छिद्रं कमी-जास्त जाडीची हवीत आणि जुडी लहान असावी. मोठाल्या ‘माश्यांच्या हॉटेलां’त परजीवी आणि बुरशी माजते. हे सगळं फुलांच्या जवळच करा, कारण लहान माश्या काही शे मीटरच उडतात.

फवारणीबद्दल एवढंच सांगा की माव्याचा फडशा पाडणाऱ्या सिरफिड माशीच्या अळ्या त्याच फवाऱ्यात मरतात, आणि त्याच अळ्या मोठ्या होऊन माश्या झाल्या की फुलांवर पराग नेतात. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशक औषधं झाडाच्या अंगात भिनून मकरंदात आणि परागात उतरतात. त्या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये थांबवला. ‘संध्याकाळी फवारा, म्हणजे माश्या वाचतात’ असा सल्ला मिळेल, पण तुमच्याकडे दुधी आहे. तिची फुलं तेव्हाच उघडतात. कोवळ्या शेंड्यांवरचा मावा पाण्याच्या जोरदार धारेने जातो.

डंखाचं म्हणाल तर राखायला पोळं नसल्याने एकांडी माशी अंगावर येत नाही. चिमटीत दाबली तरच डसेल. नरांना डंख नसतोच.

प्रतिसाद:
वरच्याशी सहमत. वर्षभर काही ना काही फुलत राहील असं बघा. थोडी कोथिंबीर, तुळस, मुळा फुलोऱ्यावर जाऊ द्या. दुहेरी पाकळ्यांची शोभेची फुलं टाळा, त्यांत पराग फारसे नसतात. आणि रात्रीचे दिवे बंद ठेवा, नाहीतर पतंग दिव्याभोवतीच फिरत राहतात, दुधीकडे फिरकत नाहीत.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. दुधी रात्री फुलते हे दिसत होतं, पण ते पतंगांशी जोडलंच नव्हतं. उघड्या जमिनीसाठी कुंपणाजवळचा कोपरा मिळतोय, पण तिथे दुपारनंतर सावली येते. चालेल का?

प्रतिसाद:
सकाळचं ऊन पडत असेल तर चालेल. सकाळी अंग तापल्याशिवाय त्या उडत नाहीत, त्यामुळे तेच ऊन महत्त्वाचं. जमिनीत पेन्सिलीएवढं भोक आणि भोवती भुसभुशीत मातीची छोटी रास दिसली तर मुंग्यांचं वारूळ समजून कोणी पाणी ओतू नये, हे मात्र सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. तोवर भोपळ्याचे पराग हाताने लावत राहा, सकाळी लवकर. दुपारपर्यंत फुलं मिटतात.