मदत हवी आहे: लाईट आल्यावर रास्पबेरी पाय आपोआप सुरू होतो, पण वेळ चुकीची धरतो

नमस्कार मंडळी,

निफाडजवळ आमच्या द्राक्षबागेत रास्पबेरी पाय ३ (छोटा संगणक) बसवलाय. तापमान, आर्द्रता आणि पान ओलं आहे की कोरडं, याची नोंद पायथन स्क्रिप्ट दर ५ मिनिटांनी फाइलमध्ये टाकते. ओएस बुकवर्म (रास्पबेरी पाय ओएसची आवृत्ती), डेस्कटॉपशिवाय.

आधी स्क्रिप्ट क्रॉनटॅबमधून (आपोआप चालवायच्या कामांची यादी) सुरू करत होतो. पण ती मधेच बंद पडली तर तिला पुन्हा उठवणारं कोणी नाही, म्हणून सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू करून सांभाळणारी व्यवस्था) सर्व्हिस केली. रीस्टार्ट 'ऑलवेज', आफ्टरमध्ये नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट, म्हणजे नेटवर्क जोडल्यावरच सुरू हो. सुरू व्हायचं काम आता चोख होतं.

अडचण वेळेची आहे. रात्री लाईट जाते, पहाटे येते. राउटरकडून आयपी मिळाला की नेटवर्क-ऑनलाइन पूर्ण झालं असं धरलं जातं, राउटरमधल्या सिमकार्डाला रेंज आली की नाही हे कोणी बघत नाही. पाय ३ मध्ये सेलवर चालणारं घड्याळ नाही. फेक-एचडब्ल्यूक्लॉक या प्रोग्रामने शेवटची साठवलेली वेळ धरून तो पुढे मोजत राहतो, नेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत. परवाच्या फाइलीत नोंदी ०१:१७ पासून सुरू झाल्या आणि मग एकदम ०५:४२ वर उडी!

दव पहाटेच असतं. पान सलग किती तास ओलं राहिलं, त्यावर डाऊनीची (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) फवारणी ठरते. वेळ हलली की सगळा हिशोब चुकतो, आणि फवारणी उगाच होते किंवा राहून जाते.

सर्व्हिसला टाइम-सिंक टार्गेटसाठी, म्हणजे नेटवरून वेळ जुळेपर्यंत, थांबवू का? पण रेंज आलीच नाही तर नोंदच होणार नाही. की डीएस३२३१ हे सेलवर चालणारं घड्याळ लावू?

प्रतिसाद:

दादा, थांबवू नका, घड्याळच लावा. रास्पी-कॉन्फिगमधून (पायच्या सेटिंगचा प्रोग्राम) आयटूसी, म्हणजे घड्याळ जोडायची वायरजोडणी, चालू करा. बुकवर्ममध्ये कॉन्फिगची फाइल बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये असते, तिथे आयटूसी-आरटीसीचा डीटी-ओव्हरले (जोडलेलं घड्याळ ओळखायला सांगणारी ओळ) डीएस३२३१ साठी टाका. फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाका आणि नेट असताना एकदा घड्याळात वेळ लिहून घ्या.

मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्या, ५ नको. काही मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं, ५ व्होल्टवर ते सेल चार्ज करू लागतं, आणि त्यात बसणारा सीआर२०३२ हा चार्ज करायचा सेल नाही.

शिवाय प्रत्येक नोंदीत अपटाइमही (पाय सुरू होऊन किती वेळ झाला) लिहा. कधी वेळ चुकलीच, तरी पुढे बरोबर वेळ मिळाल्यावर त्याच बूटमधल्या आधीच्या नोंदी त्यावरून दुरुस्त करता येतात.