क्रूझ कंट्रोल मध्येच सुटतो – मदत हवी आहे

मंडळी, गाडी 2018 ची डिझेल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, क्रूझ (अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग राखणारी सोय) कंपनीतूनच आलेला. समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा असली तरी मी 100 लाच सेट करतो. छान पकडतो, हिरवा दिवाही लागतो. पण पुलाच्या जॉइंटवर चाक जरा आदळलं की सुटतो! पाय ब्रेकच्या जवळपासही नसतो. रिझ्यूम दाबलं की चालू, पुढच्या जॉइंटवर पुन्हा तेच.

फ्यूज बघितला, ठीक आहे. मागचे तिन्ही ब्रेक लाइट लागतात. हॉर्न आणि स्टिअरिंगवरची ऑडिओची बटणं चालतात, एअरबॅगचा दिवा नाही, म्हणजे क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली बटणं आणि एअरबॅग जोडणारी गुंडाळलेली वायर) शाबूत असावी. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, स्कॅनरला एरर नाही, स्टिअरिंगचा अख्खा स्विच सेट बदलून टाका. एस्टिमेट बघून गाडी तशीच घरी आणली. बटणं गेली असती तर रिझ्यूम तरी कसं चाललं असतं? जाणकारांनी कृपया सांगावं. दिवाळीत नागपूर गाठायचंय.

प्रतिसाद: बटणांच्या नादी लागू नका. ब्रेक पेडलच्या वर जो स्विच असतो, त्यात बहुतेक गाड्यांत दोन कॉन्टॅक्ट असतात. एक मागचे दिवे पेटवतो, दुसरा ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) पेडल दाबल्याचं कळवतो. हा दुसरा क्षणभर जरी हलला तरी ईसीयू क्रूझ सोडून देतो, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे दिवे लागतात म्हणून स्विच चांगला, असं धरू नका. एवढ्याशा झटक्याला एरर कोड साठतोच असंही नाही. क्लचलाही असाच स्विच असतो, त्याला लोक विसरतात. स्कॅनरवर लाइव्ह डेटा (स्विचची त्या क्षणाची स्थिती) लावा, इग्निशन चालू ठेवा, आणि दोन्ही पेडलच्या दांड्यांवर हलकेच टिचक्या मारून आकडे बघा. गाडीला लावून मोबाइलवर बघायच्या स्वस्तातल्या ब्लूटूथ अडॅप्टरवर हे दिसेलच असं नाही, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे जा.

धागाकर्ता: आभार! ब्रेकचा आकडा ढिम्म हलला नाही. क्लचला टिचकी मारली की मात्र 'दाबला' असं उमटून जातं. दांडीवर जिथे स्विच टेकतो तिथलं रबरी बटण झिजून चपटं झालंय, काळा भुगा मॅटवर पडलेला. इलेक्ट्रिशियन म्हणतो, स्विच काढून वायरी जोडून टाकू, खर्चच नको. करू का?

प्रतिसाद: अजिबात नको! क्रूझ चालू असताना तुम्ही क्लच दाबलात तर ईसीयूला कळणारच नाही. तो वेग टिकवायला थ्रॉटल देत राहील आणि इंजिन रेस होईल. काही गाड्यांत स्टार्टरही याच स्विचवर अवलंबून असतो, तिथे क्लच दाबूनही सेल्फ न लागण्याची अडचण येऊ शकते. ते रबरी बटण सुटं मिळतं, किरकोळ किमतीचं असतं. आधी तेच बदला, कनेक्टरच्या पिना साफ करा. तरीही आकडा उडाला तरच स्विच घ्या.