उंदराला एकटं कोंडून व्यसन कळतं का?

आडवाट
व्यसनावरच्या प्रयोगांत उंदीर बहुधा एकेकटा ठेवतात. दारूची बाटली आज भरली, उद्या वजन केलं, की किती प्यायला ते कळतं. ही मोजणाऱ्याची सोय झाली. कळपातला प्राणी आठवडेच्या आठवडे एकटा ठेवला, तर त्याचं पिणं दारूमुळे की एकटेपणामुळे, हे कोण सांगणार? आता कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी, उंदीर ओळखणारी चिप बसते. इंटेलिकेजसारख्या पिंजऱ्यात पाण्याच्या कोपऱ्यात एका वेळी एकच उंदीर शिरतो. कोण आला, किती वेळा चाटलं, याची आपोआप नोंद होते. तेव्हा एकट्या उंदरांचे निष्कर्ष यापुढे दुय्यमच धरावेत.

रात्रपाळी
'सोय' म्हणून हिणवू नका. हेरॉइन-कोकेनच्या प्रयोगांत औषध थेट शिरेत जातं. पाठीतून बाहेर आलेली नळी सोबतचे उंदीर कुरतडतात, मग प्रयोगच बंद. तुमची चिप तोंडाने प्यायच्या पदार्थांपुरती. आणि ती सांगते कोण आला. पोटात किती गेलं ते नाही. थेंब सांडतात. शिवाय एखादा दांडगा नर कोपरा अडवून बसला, तर बाकीचे कमी प्यायले ते नको म्हणून की भीतीने?

आडवाट
अडवणूकही त्याच नोंदीत दिसेल की! कोण कोणाच्या मागोमाग आला, कोण लगेच परतला, हे बाटलीच्या वजनात कधीच दिसणार नाही. आणि 'रॅट पार्क' विसरलात? १९७०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात मानसशास्त्रज्ञ ब्रूस अलेक्झांडरनी त्या प्रयोगात दाखवलं की ऐसपैस जागेत, सोबतीने राहणारे उंदीर मॉर्फिन कमी पितात.

चिकित्सक
रॅट पार्कचं नाव निघणार याची वाटच पाहत होतो. तिथे सोबतीने राहणाऱ्यांच्या वसाहतीतली मोजणी आणि एकट्यांच्या पिंजऱ्यातली मोजणी एका पद्धतीची नव्हती. १९९६मध्ये पेट्री या संशोधकाने तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो फरक सापडला नाही. म्हणजे तुमच्या बाजूचा सगळ्यात गाजलेला दाखलाच मोजणीपाशी अडखळतो. अर्थात त्यामुळे चिपचं महत्त्व वाढतंच, हे मान्य.

सईची आई
सोबत मिळाली की व्यसन घटतं हे गृहीतच का? अमेरिकेतल्या ओरेगॉनमधले संशोधक रियाबिनिन यांच्या गटाने प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यांवर काम केलंय. जाळीपलीकडे भावंड असलेले व्होल एकट्यांपेक्षा जास्त दारू प्यायले. लग्नाच्या वरातीत पाहिलंय ना सगळ्यांनी?

रात्रपाळी
उलट टोकही आहे. २०१८मध्ये वेनिरो आणि शहाम या संशोधकांच्या उंदरांनी हेरॉइन सोडून सोबत्याकडचं दार उघडणं निवडलं. पण तिथे कळप नव्हता; निवड एकेका उंदराचीच मोजली. सामाजिक प्रश्नाला सामूहिक पिंजरा लागतोच असं नाही.

आडवाट
दार उघडून भेटणं वेगळं, चोवीस तास एकत्र राहणं वेगळं. भांडण, चिकटून झोपणं, एकाचं पाहून दुसऱ्याने पिणं, हे त्या दारातून कसं दिसणार?

चिकित्सक
दिसणार नाही, खरं. पण चाटण्याच्या नोंदीवरून नशेचं अनुमान काढायचं, तर रक्तातलं अल्कोहोल तपासायलाच हवं. त्यासाठी प्रत्येकाला पकडून शेपटीतून रक्त काढा, आणि त्या धरपकडीने अख्खा पिंजरा बिथरला की पुढच्या रात्रीचे आकडे कशाचे धरायचे ते सांगा.