प्रतिसाद: स्वॅप फाइल बंद करू नका

विम म्हणजे मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर, आणि सेव्ह न केलेला मजकूर ते ज्या तात्पुरत्या फाइलीत जपतं ती स्वॅप फाइल. ‘ऑटोसेव्हच्या जमान्यात विमची स्वॅप फाइल म्हणजे नुसता कचरा, बंदच करा’ हे वर लिहिलंय, ते पुण्या-मुंबईच्या फ्लॅटात ठीक. इकडे दर्यापूरकडे मृगाचं वारं सुटलं की लाइन गेलीच समजा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. घरी इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पहिला हक्क बाबांच्या पंख्याचा!

विम साधारण 200 अक्षरं टाइप झाली की, किंवा हात 4 सेकंद थांबला की, स्वॅप फाइल डिस्कवर लिहितं. म्हणजे जाऊन जाऊन एखाददुसरी ओळ जाते. लाइन आल्यावर तीच फाइल उघडली की स्वॅप सापडल्याची लांबलचक सूचना येते. तिथं आर दाबायचं, मजकूर वेगळ्या नावानं सेव्ह करून मूळ फाइलशी ताडायचा आणि मगच स्वॅप उडवायची. लोक न वाचताच डी दाबून ती पुसतात आन् मग विमच्या नावानं बोंबलतात. अनडूचा, म्हणजे केलेले बदल मागे घ्यायचा, इतिहास मात्र स्वॅपमध्ये नसतो. त्यासाठी अनडूफाइल हे सेटिंग चालू करावं लागतं, 2010 च्या 7.3 आवृत्तीपासून ते आहे. पण तेही शेवटच्या सेव्हपर्यंतचंच.