विटांच्या फायरप्लेसचा दर्शनी भाग बदलायचाय: कोणता दगड, किती अंतर?

मुक्काम_जर्सी (प्रश्न)

न्यू जर्सीत एडिसनजवळ १९६२ चं स्प्लिट-लेव्हल (अर्ध्या-अर्ध्या मजल्यांचं) घर नुकतंच घेतलंय. दिवाणखान्यात लाकडं जाळायची विटांची फायरप्लेस आहे. आधीच्या मालकाने विटांना पांढरा ऑइलपेंट फासलाय, तो जागोजागी पिवळा पडलाय.

मापं अशी: तोंड ३६ इंच रुंद, २९ इंच उंच. पुढची विटांची फरशी जमिनीलगत, १६ इंच खोल आणि ५४ इंच लांब. खोलीखाली क्रॉल स्पेस (रांगत जावं लागेल एवढी बुटकी पोकळी) आहे. तोंडाच्या वर ८ इंचांवर लाकडी फळी आहे, ती ५ इंच पुढे येते. विटांची भिंत ६० इंच रुंद.

डोक्यात आहे ते असं: काळा, कडप्पासारखा मॅट दगड, वर जाड लाकडी तुळईचा मँटल (तोंडावरची फळी) आणि त्याच्यावर टीव्ही. स्वयंपाकघराच्या कामातून उरलेला पांढऱ्या क्वार्ट्झचा मोठा तुकडाही पडून आहे, तो इथे खपवता येईल का? थंडीत दहा-बारा वेळा तरी जाळ करणार, म्हणजे नुसती शोभेची नाही.

---

पाणसळ

दगड निवडायच्या आधी टॉर्च घेऊन आत डोकं घाला. वर विटांची किंवा मातीच्या नळ्यांची चिमणी दिसली तर ती खरी बांधीव फायरप्लेस. गोल पत्र्याचा पाइप आणि आतल्या बाजूला धातूची माहितीपट्टी दिसली तर ती कारखान्यात तयार झालेली पत्र्याची पेटी. पेटीला खालचे अंतरांचे नियम लागू नाहीत. तिथे कंपनीच्या पुस्तिकेतली अंतरंच पाळायची आणि समोरच्या हवेच्या फटी दगडाने बुजवायच्या नाहीत. बुजवल्या की पेटी आतून तापत जाते आणि मागच्या लाकडाला धग लागते. तुमच्या वर्णनावरून बांधीवच वाटतेय.

घर नुकतंच घेतलंय, म्हणजे एनएफपीए २११ (अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं चिमण्यांसाठीचं मानक) प्रमाणे चिमणीची लेव्हल २ तपासणी व्हायला हवी, कॅमेरा आत सोडून. आतली नळी तडकलेली असेल तर बाहेर दगड लावून काय उपयोग? आणि हे काम दगड बसायच्या आधीच.

आता अंतरं. आयआरसीचा (अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमसंग्रहाचा) नियम: जळाऊ वस्तू तोंडापासून ६ इंचांच्या आत नको. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात ती इंचामागे एक सूतच (इंचाचा आठवा भाग) पुढे यायला परवानगी. तुमची फळी ८ इंचांवर आहे, म्हणजे तिला ८ सूत, एक इंच. ती ५ इंच पुढे आलीय. ही फळी काढायचीच, तिच्या जागी तिथेच तुळई ठोकायची नाही. दीड इंचापेक्षा जास्त पुढे येणारं लाकूड एनएफपीएच्या हिशेबाने तोंडाच्या वर निदान १२ इंच हवं. तुम्ही १३ धरा, म्हणजे जमिनीपासून मँटलचा तळ ४२ इंचांवर येईल.

दुसरी गोष्ट पुढची फरशी. तोंडाचं क्षेत्रफळ ३६ × २९ = १०४४ चौरस इंच, म्हणजे सव्वासात चौरस फूट. ६ चौरस फुटांच्या खाली तोंड असेल तर पुढे १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच फरशी चालते. ६ किंवा त्याहून जास्त झालं की पुढे २० आणि बाजूंना १२ इंच. तुमच्याकडे पुढे १६ आणि बाजूंना ९-९ च आहे. लाकडी जमिनीवर चार टाइल चिकटवून ही फरशी वाढवता येत नाही. खाली निदान २ इंच जाडीचं न जळणारं बांधकाम हवं. (तोंडाचा तळ फरशीपेक्षा ८ इंच वर असेल तर ३ सूत जाडी चालते, पण तुमची जमिनीलगत आहे.)

सोपी वाट उलटी: तोंडच लहान करा. दोन्ही बाजूंनी एकेक इंच आणि वरून ४ इंच कमी केलं की ३४ × २५ = ८५० चौरस इंच, म्हणजे ६ चौरस फुटांच्या (८६४ चौरस इंच) किंचित आत. मग आहे ती फरशी पुरते. तोंड लहान झाल्याने धूर खोलीत येण्याचीही शक्यता कमी होते, कारण चिमणीच्या नळीच्या मानाने तोंड मोठं असलं की धूर मागे फिरतो. म्हणूनच दगड लावताना तोंड वाढवायचं मात्र कधीही नाही. वरचे ४ इंच नुसत्या लटकत्या दगडाने झाकू नका. नवा लोखंडी अँगल दोन्ही बाजूंना ४-४ इंच टेकवून त्यावर विटेचा एक थर घ्या. टाऊनशिपच्या बांधकाम खात्यात हे आकडे आधी दाखवून घ्या, अंमलबजावणी त्यांचीच असते.

आणि क्रॉल स्पेसमध्ये उतराच. पुढच्या फरशीच्या बुडाला ओतकामाच्या वेळच्या फळ्या तशाच चिकटलेल्या आढळतात. नियमाने त्या तिथे राहायला नकोत, कारण वरून निखारा पडला, फटीतून धग गेली की पहिलं तेच लाकूड भाजतं.

---

कातळ

क्वार्ट्झचं उत्तर एका शब्दात: नको. त्यात दगडाचा चुरा रेझिनने बांधलेला असतो. दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास रेझिन पिवळं पडायला लागतं, सांध्याजवळ तडकतं. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत असला वापर बसतही नाही. तो तुकडा खिडकीच्या कठड्यावर वापरा.

कडप्पासारखं हवं असेल तर खरा कडप्पा इथे शोधत बसू नका, आणि मिळाला तरी तो चुनखडीचाच दगड. लिंबू-व्हिनेगर सांडलं की पांढरट डाग. त्याच्या जवळचे पर्याय माझ्या पसंतीच्या क्रमाने:

सोपस्टोन. शंखजिरं असलेला मऊ दगड. तापतो सावकाश, निवतो सावकाश, तडकण्याची भीती सगळ्यात कमी. व्हर्जिनियात निघतो, ब्राझीलचाही बाजारात भरपूर मिळतो. ओरखडा सहज उमटतो खरा, पण बारीक सँडपेपर फिरवला की जातो. खनिज तेल लावलं की राखाडीचा काळाशार होतो. लावायचं तर सगळीकडे सारखं लावा, नाहीतर भांड्याच्या बुडासारखे गोल डाग दिसतात.

स्लेट. व्हर्माँट आणि पेनसिल्व्हेनियाची जुनी खाण-परंपरा आहे, त्यामुळे तुमच्या भागात मिळायला सोपी. दिसायला कडप्पाच्या सगळ्यात जवळ. दोष एकच, पापुद्र्यांचा दगड आहे. स्वस्त मालाचे पापुद्रे जाळाजवळ सुटतात. तुकडा हातात घेऊन बोटाच्या पेराने टिचकी मारा. टणटणीत वाजला तर घ्या, भदभद वाजला तर ठेवून द्या.

काळा ग्रॅनाइट, पॉलिश न केलेला. चालतो, पण बोटांचे ठसे दिसतात. तोंडावरून आडवी जाणारी पट्टी अखंड नको, मध्ये सांधा द्या. खालची कड तापते, वरची थंडच राहते आणि अखंड पट्टी मग स्वतःच सांधा पाडून घेते.

संगमरवराला माझं मत नाही. आग रोज असो वा नसो, काजळी त्यात शिरते आणि पुसायला आम्लाचा क्लीनर घेतलात की चकाकी गेलीच. ब्लूस्टोन तुमच्याकडे अंगणात सर्रास दिसतो, पण ओल धरलेला ब्लूस्टोन जाळाच्या कडेला पापुद्रे टाकतो. काचेच्या टाइल्स, चिकटवायच्या व्हिनाइल शीट्स यांचं नावही नको.

---

मुक्काम_जर्सी

दोघांचेही आभार. सोपस्टोन नक्की केला. विटांवरचा पेंट ग्राइंडरने काढून मग लावू का, की थेट वर?

---

थापी

ग्राइंडर बाजूला ठेवा! घर १९६२ चं आहे. घरगुती रंगात शिसं वापरायला अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली. आधी तपासणी किट आणा किंवा खरवडलेला तुकडा प्रयोगशाळेत द्या. शिसं निघालं तर कोरडं घासणं म्हणजे घरभर विषारी धूळ. शिसं नसलं तरी ग्राइंडरने विटेची भाजलेली कातडी जाते आणि सिलिकाची धूळ उडते ती वेगळीच.

पेंटवर थेट थिनसेट (टाइल-दगड चिकटवायचा सिमेंटचा मसाला) लावलंत तर ते विटेला नाही, पेंटला चिकटतं, आणि पेंट काही वर्षांत दगडासकट उतरतो. म्हणून पेंट तसाच ठेवून त्यावर अर्धा इंची सिमेंट बोर्ड स्क्रूने धरवायचा, पकड स्क्रूची, गोंदाची नव्हे. पद्धत अशी:

ड्रिलला ५/३२ इंची बिट, विटेत बोर्डातून आरपार. ३/१६ जाडीचे पावणेदोन इंची काँक्रीट स्क्रू. बोर्डाची अर्धा इंच जाडी गेल्यावर विटेत सव्वा इंच उतरतात, निदान एक इंच हवंच. भोक स्क्रूपेक्षा अर्धा इंच खोल, नाहीतर तळाशी भुसा साठून स्क्रू अर्ध्यात अडतो आणि मान मोडते. स्क्रू ८-८ इंचांवर, कडेपासून २ इंच आत. भोकाशी व्हॅक्यूमची नळी धरा. सांध्यांवर जाळीची टेप आणि थिनसेट. स्क्रू घट्ट करताना बोर्ड खचू देऊ नका. पाणसळीचं अवजार उभं-आडवं लावून बघा. जुन्या विटांत पाव इंचाचा झोल सहज असतो, तो बोर्डामागे थिनसेटचे ढीग लावून काढा.

दगडाची जाडी २ सेंटिमीटर घ्या, ३ नाही. २ सेंटिमीटर सोपस्टोन चौरस फुटाला साधारण १२ पौंड भरतो. ३ सेंटिमीटरचा १८ च्या पुढे जातो. चिकटवलेल्या दगडाला १५ पौंडांची मर्यादा असते. पाणसळ यांनी सांगितलेल्या तोंडाप्रमाणे तुमचे तुकडे: तोंडाच्या दोन्ही बाजूंचे दोन उभे पाय, प्रत्येकी १३ × २५ इंच, आणि त्यांच्यावर टेकणारी आडवी पट्टी ६० × १७. पट्टी ८५ पौंडांच्या आसपास भरेल, दोघांशिवाय उचलू नका. पायांच्या बुडाशी आणि पट्टीच्या खाली एकेक सूत फट ठेवा, प्लास्टिकच्या पाचर लावून.

पुढची फरशी १६ × ५४, म्हणजे ६ चौरस फूट. समोरचा भाग साडेअकरा-बारा. एकूण १८ च्या आत, तुटफूट धरून २१ चौरस फुटांचा माल सांगा. फरशीवर दगड आल्याने ती एखादा इंच वर येईल. हरकत नाही, पण कडेला ठेच लागू नये म्हणून कड घासून गोल करून घ्या.

थिनसेट पावडरचंच घ्या, पॉलिमर मिसळलेलं, ५० पौंडांची एक पिशवी बास. डब्यातला तयार गोंद घेऊ नका. तो उष्णतेने मऊ होतो आणि दगड घसरायला लागतो. अर्धा इंची दातेरी थापी, आणि दगडाच्या पाठीवरही पातळ थर. एक तुकडा दाबून उचलून बघा: पाठीवर सगळीकडे ओलं दिसलं पाहिजे. मध्ये कोरडी बेटं दिसली तर तिथे हवा अडकते, तापते, आणि तोच कोपरा पुढे पोकळ वाजतो.

दगडांमधल्या फटी भरायला सिमेंटचं ग्राउट. इपॉक्सी ग्राउट तोंडाजवळ मऊ पडतं, टाळा. जिथे दगड आणि फायरबॉक्सच्या (जाळाच्या कोठीच्या) विटा भेटतात तिथे मात्र ग्राउट नको, तिथे उष्णता सोसणारं सिलिकॉन. आतला लोखंडी अँगल तापून लांबतो. ग्राउटने जखडलंत की सर्वात आधी तोंडाचा वरचा कोपरा तडकतो.

---

ओळंबा

थोडा वेगळा सूर. सगळं झाकायलाच हवं का? शिसं नाही असं निघालं, तर पेस्ट लावून उतरवायच्या स्ट्रिपरने पेंट काढून विटा उघड्या ठेवणं हा माझा पहिला पर्याय असता. १९६० च्या घरात आडव्या, लांबट विटा आणि साधी फळी हीच मूळ शैली. चुन्याचा पातळ हात दिला तरी छान दिसतो. चुना विटेत शिरतो, श्वास घेऊ देतो. पण तो पेंटवर धरत नाही, उघड्या विटेवरच, पाणी मारून, दोन पातळ हात.

दगडच लावायचा तर शैली घराशी जुळू द्या. कोरीव खांब आणि वर कंगोरे १९२०-३० च्या कॉलोनियल शैलीच्या घराला शोभतात. स्प्लिट-लेव्हलला ते लग्नाचा मंडप अंगणात विसरल्यासारखे दिसतात. सरळ काटकोनी चौकट, एक जाड तुळई, बस.

तुळई भरीव नको. ६ × ८ × ६० इंचांचा भरीव ओक ७५ पौंडांच्या घरात जातो. पाऊण इंची फळ्यांची पोकळ पेटी करा आणि भिंतीला आडवी पट्टी स्क्रूने बसवून तिच्यावर सरकवा. तीन बाजूंनी लाकूडच दिसतं. सहा-आठ इंच खोलीच्या मँटलवर गणपती बसवायचा विचार करत असाल तर मखर मावणार नाही, एवढंच आधी सांगून ठेवतो.

टीव्हीबद्दल: भिंतीत भोक पाडायच्या आधी जिथे टीव्हीचा तळ येईल तिथे थर्मामीटर चिकटवा आणि दोन तास नेहमीसारखा जाळ करा. टीव्ही साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालावा असा बनवलेला असतो. तुमच्या टीव्हीचा आकडा पुस्तिकेत असतो. पारा त्याच्या वर गेला तर टीव्ही दुसऱ्या भिंतीवर. आणि मानेचं म्हणाल तर ४२ इंच तळ आणि वर आठ इंचांचा मँटल, टीव्हीची खालची कडच ५० इंचांवर जाते. सोफ्यावरून बघून बघा.

---

मुक्काम_जर्सी

टीव्ही रद्द. दगड बसल्यावर जाळ कधी करू?

---

थापी

निदान सात दिवस थांबा, थिनसेटमधलं पाणी आत आहे तोवर आग नको. नव्या विटांच्या थराला त्याहून जास्त, गवंड्याला विचारून. पहिले तीन जाळ काडीकचऱ्याचे, अर्ध्या तासाचे, मध्ये पूर्ण निवू द्यायचं. प्रत्येक जाळानंतर पायांच्या वरच्या सांध्यावर बोट फिरवा. केसाएवढी रेघ दिसली तर ती ग्राउटची आहे की दगडाची ते नखाने बघा. ग्राउटची असेल तर खरवडून तिथे सिलिकॉन भरा, दगडाची असेल तर जाळ थांबवून फोटो टाका.